कोल्हापुरातल्या खानावळी, मिसळ आणि गाड्यांबद्दल अभिप्राय लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिप्राय लिहिणाऱ्यांकडून, आणि अलीकडे मालकांकडूनही, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून ते एका जागी आणले. विषय साध्या जागांचाच आहे: मिसळीची दुकानं, कटवड्याच्या गाड्या, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खानावळी, राइसप्लेट, घरगुती मेस. लॉन आणि मॉकटेलवाल्या जागा यात नाहीत. २०११च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेलं हे शहर. सकाळी ज्याच्या मिसळीला नावं ठेवली तो संध्याकाळी रंकाळ्यावर शेजारी उभा असतो, हे धरूनच उत्तरं दिली आहेत.

१. मला स्वयंपाकातलं फारसं कळत नाही. मी अभिप्राय लिहू का?

लिहा. वाचणाऱ्याला पाककृती नको असते. रविवारी पाहुण्यांना घेऊन तिथे जावं की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं. काय मागवलं, काय आलं, किती आलं, किती पैसे गेले आणि पुन्हा जाल का, हे खरं लिहिलंत की काम झालं. उलट मसाल्यात काय काय घातलंय याचे अंदाज बांधणारेच जास्त फसतात (प्रश्न ८ पाहा).

२. जेवताना नेमकं काय टिपून ठेवायचं?

तारीख, वार आणि वेळ आधी. सकाळी साडेआठची मिसळ आणि दुपारी साडेबाराची मिसळ एकाच पातेल्यातली असली तरी एकसारखी नसते. मग दरफलकाचा फोटो काढा. बिल न देणाऱ्या ठिकाणी तोच पुरावा.

ताटाच्या बाबतीत सगळ्यात उपयोगाची नोंद म्हणजे दरात काय धरलंय आणि कशाचे वेगळे पैसे. रस्सा हवा तेवढा मिळतो, पण भाकरी मोजून. समजा ताट २८० रुपयांचं आहे. दोन जादा भाकऱ्यांचे ५०, सोलकढीचे ३० आणि पाण्याच्या बाटलीचे २० धरून माणूस ३८० देऊन उठतो. अभिप्रायात ३८० लिहा, २८० दरफलकावर आहेतच. अंडं, खिमावाटी, दही-कांदा ताटात आहे की जादा, हेही इथेच.

बाकी एका ओळीत: किती वेळ थांबावं लागलं, दुचाकी कुठे लावली, आत शिरायला किती पायऱ्या, वयस्कर माणसाला बसता येईल अशी खुर्ची की नुसता बाक, फक्त रोख की क्यूआर चालतो. चवीबद्दल दहा जण लिहितात. पायऱ्यांबद्दल कुणी लिहीत नाही, आणि गुडघेदुखी असलेली आजी घरात असली की तीच ओळ आधी शोधली जाते.

३. एकदा जाऊन लिहिलं तर चालतं का?

गाडीबद्दल चालतं, खानावळीबद्दल दोनदा जावं. त्यातही वार बदलून. कोल्हापुरात मटणाचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं पुष्कळ. रविवारी दुपारी मटण सारखं शिजत असतं आणि संपतही असतं, त्यामुळे ताजं मिळतं. पण वाढपी धावपळीत असतात आणि दुसरी वाटी मागायला हात वर करून बसावं लागतं. सोमवारी निवांत वाढतात, पण सुक्कं कालचं असू शकतं. एका वाराच्या अनुभवावर दोन्ही ठरवू नका.

काही दिवस टाळलेलेच बरे. आषाढाचे शेवटचे रविवार म्हणजे नुसती झुंबड. श्रावणात मटणाचा खप पडतो, काही खानावळी तेवढ्यात रंगरंगोटी उरकतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गर्दीने देवळाभोवतीच्या शाकाहारी हॉटेलांचा नेहमीचा ताळ सुटतो. या दिवसांत गेलात तर तसं पहिल्याच ओळीत सांगा.

एकदाच गेला असाल तर "एकदाच गेलो" असं लिहा. त्यात कमीपणा नाही.

४. तारे किती द्यायचे हे कसं ठरवायचं?

आपली मोजपट्टी एकदा ठरवा आणि मोडू नका. आमची अशी: पाच म्हणजे यासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाहून यावं, चार म्हणजे आसपास असाल तर इथेच या, तीन म्हणजे भूक भागेल, तक्रार नाही, दोन म्हणजे पैसे गेल्याची रुखरुख, एक म्हणजे खराब अन्न, फसवणूक किंवा अरेरावी. पन्नास रुपयांच्या वड्याला पाच आणि पाचशेच्या ताटाला तीन, यात विसंगती काहीच नाही. तारे त्या जागेने जे कबूल केलं त्याचे असतात.

एक तारा देण्याआधी गणित बघा. वीस अभिप्राय आणि ४.६ सरासरी असलेल्या गाडीला तुम्ही एक दिला तर सरासरी ४.४३ होते. तोच एक तारा दोन हजार अभिप्राय असलेल्या प्रसिद्ध दुकानाला दिला तर ४.५९८, म्हणजे दाखवताना ४.६च. राग दोन्हीकडे सारखाच असला तरी लहान माणसाला तो चांगलाच महाग पडतो. पार्किंग मिळालं नाही, पाऊस होता, मिसळ संपली होती, यासाठी एक तारा देणारे बरेच आहेत. साडेबाराला मिसळ संपली ही खरं तर दुकानाची जाहिरात आहे.

५. "नाद खुळा", "विषय हार्ड" असं लिहिलं तर बिघडलं काय?

बिघडलं काही नाही, कळलंही काही नाही. "नाद खुळा मिसळ, एकदा नक्की भेट द्या" या वाक्यातून दुकानाचं नाव काढून दुसरं घातलं तरी ते तसंच खरं वाटतं. त्याच जागेबद्दल असं लिहून पाहा:

"मंगळवारी सकाळी नऊला गेलो, दहा मिनिटं उभं राहावं लागलं. कट वेगळ्या वाटीत आणि वाफ येईल इतका गरम. तिखट जिभेवर उशिरा चढतं, घशाला लागत नाही. मटकी अख्खी राहिली होती. फरसाण मात्र मऊ पडलेलं. तीन स्लाइस येतात, पुढचे विकत. दुसरा कट मागितला तेव्हा तोंड वाकडं न करता दिला."

यात एकही विशेषण ताणलेलं नाही, तरी माणूस चप्पल घालून निघतो. हवं तर शेवटी नाद खुळा लिहा.

६. मिसळीत पाहायचं काय?

आधी कट. कांदा-लिंबू घालण्याआधी वाटीतला नुसता कट दोन चमचे प्या. लिंबू पिळलं की कच्चेपणाही झाकतो आणि खारटपणाही. चांगल्या कटात आधी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याची गोडसर चव येते आणि मागून तिखट. आधी तिखट आणि मागून काहीच नाही, तर चटणी नुसती उकळत्या पाण्यात सोडलेली असते. (बाहेरगावच्यांसाठी: इथे चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं तिखट. वाटीतली खोबऱ्याची चटणी मनात आणू नका.) शेवटी कडवट लागलं तर मसाला करपलाय.

मग मटकी. मोड बारीक, दाणा अख्खा पण दाताखाली न कचकचणारा. मोड फार लांब वाढलेले असतील तर भिजवण जुनं आहे, त्याला उग्र वास येतो. बटाटा असला तर तो कटात विरघळून कट दाट करायला घातलेला नाही ना, एवढं बघा.

फरसाण कट ओतण्याआधी एक चिमूट तोंडात टाका. खवट असेल तर कटाखाली ते लपतं आणि दुपारी ढेकरात निघतं.

पाव म्हटल्यावर इथे ब्रेडचे स्लाइस येतात. नाशिकच्या सवयीने "लादी पाव दिला नाही" अशी तक्रार करणारे दर महिन्याला दिसतात. स्लाइस शिळे असतील तर जरूर लिहा. स्लाइस आहेत ही मात्र तक्रार होत नाही.

वेळेचा मुद्दा पुन्हा: शेगडीवर कट आटत जातो, त्यामुळे दुपारकडे तो दाट आणि खारट होतो, मग त्यात पाणी पडतं. अकराच्या सुमाराला कट पाणचट लागला तर हे कारण असू शकतं. सकाळी लवकर जाऊन पुन्हा चाखा.

७. वर तेलाचा थर बघूनच "तेलकट" लिहावंसं वाटतं. बरोबर आहे का?

थर दिसणं हा दोष नाही. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं की ते तेल वर येणारच, आणि रंग त्यातच उतरलेला असतो. तेल न सुटलेला मसाला कच्चा लागतो. बघायचं ते खाल्ल्यावर: टाळूला चिकट थर बसला, अर्ध्या तासात घसा खवखवला, तेलाला जुनाट वास आला, तर तेल खराब. तेल नको असेल तर "कट कमी, वरची तर्री बाजूला" असं आधी सांगा, बहुतेक ठिकाणी ऐकतात.

कटवड्याचं आणि भज्यांचं तेल वेगळं तपासा. कढईत वडा सोडल्यावर फेस येऊन तो विरत नसेल, तेल काळपट आणि घट्ट दिसत असेल, धूर लवकर येत असेल, तर ते अनेकदा तापवलेलं आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ती वाढत जातात) २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, पण ती यंत्राने मोजतात. डोळ्यांनी टक्के सांगता येत नाहीत, तेव्हा "तेल काळपट होतं" एवढंच लिहा.

८. लाल रंग घातलाय हे ओळखता येतं का?

खात्रीने नाही. अंदाजासाठी एक साधा उपाय: पांढऱ्या टिश्यूचा कोपरा रश्श्यात बुडवा आणि दोन मिनिटं थांबा. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे तेलाचा डाग केशरी-लाल दिसतो आणि त्याच्या पुढे सरकलेली पाण्याची ओल जवळजवळ बिनरंगाची असते. पाण्याची ओलही भडक गुलाबी किंवा नारिंगी झाली तर पाण्यात विरघळणारा रंग असण्याची शक्यता आहे. पण तेलात विरघळणारे रंगही असतात, ते या उपायाला सापडत नाहीत.

आणि गडद लाल म्हणजे रंगच, असंही नाही. ब्याडगी मिरची रंगाला जोरदार आणि तिखटाला सौम्य, संकेश्वरी तिखटाला. दोन्हींचं प्रमाण बदललं की डोळे फसतात. प्रयोगशाळेचा अहवाल हाती नसताना "रंग घालतात" हे वाक्य लिहू नका. का, ते प्रश्न १९ मध्ये आहे.

९. तांबडा आणि पांढरा रस्सा: पारख कशी करायची?

आधी एक गैरसमज. "रस्सा पातळ होता" ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि बहुतेक वेळा ती तक्रार नसतेच. हे रस्से पिण्यासाठी आहेत, वाटी तोंडाला लावून. ग्रेव्हीसारखा घट्ट तांबडा आला तर उलट शंका घ्या.

दोन्हींचा जीव अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात. अळणी खरी आहे की नाही हे ओठ सांगतात: तीन-चार घोट घेतल्यावर ओठ एकमेकांना हलके चिकटले तर हाडं नीट शिजली आहेत. ओठ कोरडे आणि जिभेवर नुसतं तिखट, तर पातेल्यात गरम पाणी वाढवलंय. रविवारी तीन वाजता हे हमखास घडतं, म्हणून वेळ लिहा.

तांबड्यात चटणी, खोबरं, तीळ, खसखस. रस्सा जिभेवर रवाळ लागला तर वाटण जाडंभरडं किंवा चटणी वरून भुरभुरलेली. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू-तीळ-खसखशीची पेस्ट, खडा मसाला. तिखटपणा हिरव्या मिरचीचा आणि मिऱ्याचा. हळद नाही, लाल तिखट नाही. पांढरा दोन तऱ्हांनी बिघडतो. जोरात उकळला की नारळाचं दूध फुटतं आणि वाटीत कणी दिसते. आणि खर्च वाचवायला कॉर्नफ्लोअर लावलं की तो गरम असताना कळत नाही. वाटी दहा मिनिटं तशीच ठेवा. नारळाच्या दुधाच्या रश्श्यावर स्निग्धाचा पातळ पापुद्रा येतो आणि खाली तो पातळच राहतो. कॉर्नफ्लोअरचा रस्सा थंड होताना खळीसारखा घट्ट होत जातो.

क्रमही महत्त्वाचा. आधी पांढरा, मग तांबडा. उलट केलंत तर पांढऱ्याची चव कळणारच नाही, आणि "पांढरा सपक होता" असा अन्याय लिहून बसाल.

दुसऱ्यांदा वाढलेला रस्सा पहिल्यासारखाच होता का, ही नोंद सोडू नका. पहिली वाटी छान आणि दुसरी कोमट-पाणीदार, असं होतं. मटणाची चरबी कोमटपणात थिजते आणि तोंडात मेणासारखी लागते.

१०. मटण मऊ म्हणजे चांगलं, असंच ना?

मऊ दोन प्रकारचं असतं. नीट शिजलेलं मटण हाडापासून सुटतं पण त्याचा धागा दिसतो, थोडं चावावं लागतं. पपई किंवा सोडा जास्त पडला की वरचा थर पिठूळ होतो, बोटाने दाबलं तरी धागा न दिसता लगदा होतो. "लोण्यासारखं" हे कौतुक जपून वापरा.

तुकडे मोजा. मटणाच्या दरावरून २०१९च्या अखेरीस आंदोलन करणारं हे शहर आहे, तुकडे मोजले म्हणून इथे कुणी हसणार नाही. "सहा तुकडे, त्यातले दोन नुसतं हाड, एक नळी" असं लिहिलं की वाचणाऱ्याला ताटाचा दर कळतो. बोकडाचं की शेळीचं, हे ताटावरून ठामपणे सांगू नका. चिवट होतं, वास येत होता, एवढं तुमच्या हातात आहे.

११. भाकरीबद्दल काय लिहायचं?

गरम आली की नाही आणि मोडली की नाही. भाकरी घडी घातल्यावर तुकडे पडत असतील तर पिठाची विरी गेलेली आहे, म्हणजे दळून बरेच दिवस झालेत. खालून पिठाची चव आली तर तव्यावर घाई झाली. तव्यावरून थेट ताटात देणारी खानावळ दुर्मिळ होत चालली आहे. दिसली तर आवर्जून लिहा.

१२. मला तिखट झेपत नाही. माझा अभिप्राय ग्राह्य धरावा का?

धरावा, फक्त सवय सांगा: "घरी सौम्य खातो, मला हे जास्त झालं." "अति तिखट, खाण्याजोगं नाही" यातून कुणालाच काही कळत नाही. तिखट कुठे लागलं हे लिहिलं तर उत्तम: जिभेच्या टोकाला, घशाला ठसका लागून, की जेवण झाल्यावर पोटात.

याच ओघात येणारा उपप्रश्न "व्हेज कोल्हापुरी"चा. पुण्या-मुंबईच्या मेनूकार्डावरची ती लाल, काजूच्या ग्रेव्हीची भाजी इथल्या घरात कुणी करत नाही. तिच्याशी तुलना करून इथल्या आमटीला गुण देऊ नका.

१३. मी शाकाहारी आहे. मटणाच्या खानावळीबद्दल लिहू का?

शाकाहारी ताटाबद्दल लिहा. विचारून खात्री करायच्या दोन गोष्टी: शाकाहारी तांबडा वेगळ्या पातेल्यात होतो की अळणीतूनच निघतो, आणि पळी वेगळी आहे का. उत्तर काय मिळालं ते तसंच नोंदवा.

१४. पार्सलवरून लिहिलं तर?

पार्सल म्हणून लिहा. पिशवीत कोंडलेल्या वाफेने भाकरी ओली पडते, पांढरा फुटतो, वडा नरम होतो. दोष दुकानाचा नसतो. कट आणि फरसाण वेगळं बांधलं का, रबर नीट लावलं का, वाट्या कमी तर नाहीत ना, हे मात्र दुकानाचंच काम.

१५. आत न जाता, खुर्चीवरून स्वच्छता कशी कळते?

टेबल पुसायचं फडकं बघा. तेच फडकं ताट पुसायला वापरलं जातंय का? गल्ल्यावर नोटा घेणारा हात मध्येच पाव उचलतो का? चिरलेला कांदा आणि फरसाण झाकलेलं आहे का? वाट्या वाहत्या पाण्यात धुतात की एकाच टबात बुचकळून काढतात? आलेल्या ताटाला पाणी चिकटलेलं असेल तर ते टबातलं. आणि हात धुवायच्या बेसिनजवळ साबण आहे का: ग्राहकाला साबण न देणारा आचाऱ्यालाही देत असेल, याची आम्हाला शंका आहे.

केस किंवा किडा निघाला तर आधी मालकाला दाखवा. केस कुठेही निघू शकतो. त्यानंतर ताट बदललं की वाद घातला, अभिप्राय त्याचा होतो. फोटो आपल्याच ताटाचा काढा. स्वयंपाकघराचा विचारून, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं त्यात येऊ न देता.

१६. भिंतीवरचा परवाना क्रमांक कसा वाचायचा?

एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक १४ अंकी असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन अंक वर्षाचे. म्हणजे २१५ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्रातली नोंदणी. गाडीवर २ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर त्यात काही खोट नाही. मुदत क्रमांकावरून कळत नाही, फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहावी लागते. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही छापणं बंधनकारक आहे.

१७. बिलातल्या कोणत्या गोष्टी तक्रारीच्या आणि कोणत्या नाहीत?

जीएसटी: अशा जागांना ५ टक्के, बिलावर अडीच-अडीच असा दोन भागांत. वातानुकूलित भागासाठी मेनूचा दर जास्त असू शकतो, कराचा दर तोच. पण मालक कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची सोपी करयोजना) असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. बिलावर तसं छापलेलं असतं. तसं छापून खाली पुन्हा कर लावला असेल तर ती सरळ तक्रार.

सेवाशुल्क: बिलात आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ४ जुलै २०२२ची आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. साध्या खानावळीत हे क्वचितच दिसतं. दिसलं तर काढायला सांगा. नाही ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन.

फसवा अपवाद पाण्याच्या बाटलीचा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले की लोक लगेच "लूट" लिहितात. पण हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७चा निकाल आहे. तेव्हा "बाटलीचे दहा जादा घेतात" ही माहिती द्या, बेकायदा म्हणू नका. साधं पाणी मागूनही दिलं नाही, तर ते जरूर लिहा.

१८. जेवून आल्यावर पोट बिघडलं. तसं लिहू का?

शेवटी जिथे खाल्लं तिथेच बाधा झाली, असं धरू नका. काही जंतूंचं विष तासा-सहा तासांत उलटी करवतं (बराच वेळ बाहेर राहिलेला भात हे नेहमीचं कारण), पण साल्मोनेलासारख्या जंतूंना सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंतही लागतात. रविवारच्या मटणाला दिलेला दोष शनिवारच्या भेळेचा असू शकतो. एकाच ताटातलं खाल्लेल्या दोघा-तिघांना एकाच सुमाराला त्रास झाला तर संशय बळावतो.

आधी डॉक्टर. बिल जपा, पार्सल उरलं असेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. तपासणीचा अधिकार त्यांचा. अभिप्रायात वेळा आणि लक्षणं लिहा: "दुपारी दोनला जेवलो, सहाला तिघांनाही उलट्या." "विषबाधा" हा शब्द अहवालाआधी नको.

१९. मालक म्हणतो, काढून टाका नाहीतर नोटीस पाठवतो. काय करायचं?

लिहिलेलं पुन्हा वाचा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: हे मी पाहिलं, की मी अंदाज केला? "भाकरी गार होती" हे पाहिलेलं. "सोयाबीन मिसळतात" हा अंदाज आणि आरोप. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे (१ जुलै २०२४ पासून लागू). सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्भावनेने दिलेलं मत यांना त्यात अपवाद आहेत. पाहिलेलं तसंच ठेवा, अंदाज काढा, आणि दुरुस्ती केल्याचं तारखेसह नमूद करा. बिल आणि फोटो जपून ठेवा. खरीच नोटीस आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय उत्तर देऊ नका.

"काढा, पुढचं जेवण आमच्याकडून" असंही म्हणतात. पुढच्या वेळी पैसे देऊन जेवा आणि सुधारणा झाली असेल तर तसं खाली जोडा.

२०. मालकाने पैसे घेतलेच नाहीत. आता?

"पैसे घेतले नाहीत" हे पहिल्या ओळीत लिहा. रील किंवा पोस्टसाठी बोलावलं असेल तर "जाहिरात" असा शब्द मराठीतच आणि ठळक लिहावा लागतो. जानेवारी २०२३च्या सरकारी मार्गदर्शनानुसार फुकट मिळालेली वस्तूही जाहिरातदाराशी असलेल्या संबंधात धरली जाते आणि खुलासा आशयाच्याच भाषेत हवा. गूगलवर तर सवलतीच्या बदल्यात अभिप्राय देणं-घेणं दोन्ही नियमबाह्य आहे. "पाच तारे दाखवा, सोलकढी फुकट" अशी पाटी दिसली की त्या जागेची सरासरी विसरा. मालक मेहुणा असेल तर लिहूच नका.

२१. एकाच नावाच्या दोन पाट्या आहेत. कोणती खरी?

"जुने", "मूळ", "आमची कुठेही शाखा नाही": या तिन्ही पाट्या एकाच रस्त्यावर सापडतात. भावाभावांच्या वाटण्यांत शिरू नका. खरं कोणतं हे ठरवायचं काम तुमचं नाही, पण वाचणारा चुकीच्या दारात उभा राहू नये हे तुमचंच. खूण द्या: कोणत्या पेठेत, कशाच्या समोर, पाटीचा रंग कोणता. आणि नकाशावर पिन बरोबर जागेवर आहे ना ते बघून मगच अभिप्राय टाका. एकाचे तारे दुसऱ्याच्या खात्यावर पडलेले बरेच आहेत.

२२. एक मावशी घरातच मेस चालवतात, पाटी नाही. त्यांच्याबद्दल लिहू का?

आधी त्यांना विचारा. पंधरा-वीस डब्यांचा हिशेब असतो. तुमच्या कौतुकाने चाळीस जण दारात आले तर त्यांची पंचाईत आणि शेजाऱ्यांची कुरबूर. परवानगी मिळाली तरी घरचा पत्ता आणि फोन न देता परिसर सांगा. तारे देऊ नका. डब्यात काय येतं, सुट्टीचा वार कोणता, महिन्याचे पैसे आधी की नंतर, खाडे धरतात का, एवढं पुरे. मेसबद्दल किमान आठवडाभर जेवून लिहावं, कारण पहिल्या दिवशी डब्यात नेहमी काहीतरी गोड असतं.

२३. आचारी बदलला, मालकही बदलला. जुन्या अभिप्रायाचं काय करू?

वर एक ओळ जोडा: "हा अनुभव अमुक महिन्याचा, त्यानंतर चालवणारे बदलले." जुना मजकूर पुसू नका. पुन्हा जाऊन आलात तर खाली नवी तारीख टाकून लिहा आणि तारे नव्या अनुभवाचे द्या. बदल झाल्याचं बहुतेक वेळा आधी पांढऱ्यात कळतं, तिथून सुरुवात करा. दर तर वर्षभरात शिळे होतात. जुन्या अभिप्रायातला आकडा आजच्या दरफलकाशी जुळत नाही म्हणून मालकाशी वाद घालणारे वाचक आहेत, म्हणून आकड्याशेजारी महिना आणि वर्ष हवंच.